घरची गाणी, परक्या संगणकावर

घरातील कॅसेट, व्हीसीडी, सीडी आणि मोबाइलमधील छायाचित्रे यांचा साठा क्लाउडवर चढवण्याचे ठरवले की माणूस सहसा जागा किती मिळेल आणि दरमहा पैसे किती पडतील एवढेच पाहतो. या साठ्यातील कितीतरी गोष्टींचा स्वामित्वहक्क आपला नसून दुसऱ्या कोणाचा आहे, आणि त्यांची प्रत एखाद्या कंपनीच्या संगणकावर ठेवण्याची मुभा आपल्याला आहे की नाही, हा प्रश्न क्वचितच निघतो. निघालाच तर दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे मी काहीही करीन, असे एक जण म्हणतो. कोणतीही प्रत म्हणजे चोरीच, असे दुसरा ठणकावतो. वडिलांचा संग्रह माझ्याकडे आल्यावर मी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची संबंधित कलमे मुळातून वाचून काढली. मी वकील नाही. परंतु ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, एवढे ती कलमे वाचून कोणाच्याही ध्यानात येईल.

राखीव प्रतीची गरज का भासते, हे पावसाळ्यात कपाट उघडणाऱ्याला सांगावे लागत नाही. दमट हवेत व्हिडिओ कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते आणि तशी फीत यंत्रात घातली तर यंत्राचे डोकेही खराब होते. सीडीचा चकचकीत थर उडू लागला की त्यावरील गाणे परत मिळत नाही. मात्र ‘वस्तू हरवू नये, नष्ट होऊ नये किंवा बिघडू नये म्हणून राखीव प्रत’ अशी नेमक्या शब्दांतली परवानगी आपल्या कायद्याने दिली आहे ती फक्त संगणक प्रणालींसाठी, म्हणजे सॉफ्टवेअरसाठी. गाणे, चित्रपट किंवा नाटकाची व्हीसीडी यांच्यासाठी तसे स्वतंत्र वाक्य कायद्यात कोठेही नाही. त्यांच्या बाबतीत आपल्याला आधार शोधावा लागतो तो कलम ५२ मधील ‘खाजगी किंवा वैयक्तिक वापर’ या शब्दांत.

हा आधार किती भक्कम आहे हे समजण्यासाठी २०१२ ची दुरुस्ती पाहावी लागते. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीने एका बाजूला मालकाचे हात बळकट केले : चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांच्या मालकाला जे अधिकार कलम १४ देते, त्यांत इलेक्ट्रॉनिक किंवा अन्य साधनाने कोणत्याही माध्यमात साठवण करण्याचा अधिकार स्पष्टपणे घातला गेला. म्हणजे क्लाउडवर फाइल चढवणे ही कायद्याच्या दृष्टीने किरकोळ बाब राहिली नाही. ते मुळात मालकाच्या अखत्यारीतील कृत्य ठरले. दुसऱ्या बाजूला त्याच दुरुस्तीने कलम ५२ मधील रास्त वापराची सवलत, जी तोवर साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांच्यापुरती होती, ती संगणक प्रणाली वगळता सर्व कृतींना, म्हणजे ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांनाही, लागू केली आणि खाली एक स्पष्टीकरण जोडले, की कलमाच्या या खंडातील कारणांसाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हा हक्कभंग नव्हे. खाजगी वापर हे त्या कारणांपैकी पहिलेच आहे, आणि ‘कोणत्याही इलेक्ट्रॉनिक माध्यमात’ हे शब्द घरातील हार्ड डिस्क आणि दूरच्या डेटा सेंटरमधील डिस्क असा भेद करत नाहीत. माझ्या मते सामान्य भारतीय ग्राहकासाठी या संपूर्ण कायद्यातले हे सर्वांत उपयुक्त वाक्य आहे, आणि ते फारसे कोणाला ठाऊक नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. वरील हिशेबाने पाहिले तर ऐंशी-नव्वदच्या दशकांत कोऱ्या कॅसेटवर गाण्यांची यादी देऊन ‘कॅसेट भरून घेण्याची’ जी रीत गावोगावी होती, तिला या सवलतीचा आसरा नव्हता. दुकानदार पैसे घेत होता म्हणून तर नव्हताच, पण घरातल्या घरात दोन कप्प्यांच्या टेपरेकॉर्डरवर केलेली नक्कलसुद्धा, ध्वनिमुद्रण ही कृती त्या काळी या खंडात बसत नसल्यामुळे, काटेकोरपणे बोलायचे तर बाहेरच होती. तीस वर्षांपूर्वी ज्यावर कोणी भुवईही उंचावली नाही ते कागदोपत्री अधिक अडचणीचे होते, आणि आज ज्याबद्दल लोक धास्तावतात ते अधिक सुरक्षित आहे.

अर्थात ‘खाजगी’ या शब्दाच्या आडून कोणालाही काहीही करता येत नाही. याचे उत्तम उदाहरण मुंबई उच्च न्यायालयातलेच आहे. टिप्स या संगीत कंपनीने विंक म्युझिक या सेवेविरुद्ध दावा लावला, तेव्हा विंकच्या बचावातील एक मुद्दा असा होता, की ग्राहक आपल्या फोनवर गाणे उतरवून ठेवतो ते स्वतःच्या खाजगी वापरासाठी, म्हणून ती साठवण कलम ५२ खाली निर्दोष आहे. एप्रिल २०१९ च्या आदेशात न्यायालयाने हा युक्तिवाद मानला नाही. ग्राहकाचा वापर खाजगी असेलही, पण पैसे घेऊन त्याला गाणी पुरवणारी कंपनी ग्राहकाच्या सवलतीत स्वतःला बसवू शकत नाही, असे त्याचे सार आहे. आपल्या प्रश्नासाठी यातून उपयोगाचा धागा असा हाती लागतो : साठवण कोणाची, प्रत कोणी केली आणि मूळ वस्तू कोणी आणली, याला महत्त्व आहे.

अमेरिकेतील न्यायालये याच धाग्याभोवती दोन दशके फिरत राहिली. एमपीथ्री डॉट कॉम या कंपनीने २००० साली एक चतुर सेवा सुरू केली. ग्राहकाने आपल्याकडील सीडी संगणकात घालून ती आपल्याजवळ असल्याचे दाखवायचे, आणि मग कंपनीने आपल्या साठ्यात आधीच करून ठेवलेल्या प्रतीवरून ते गाणे त्याला कोठूनही ऐकू द्यायचे. ग्राहकाकडे सीडी होती, त्याने पैसेही मोजले होते. तरी न्यायालयाने कंपनीला दोषी धरले, कारण त्या हजारो सीडींच्या प्रती ग्राहकांनी नव्हे, कंपनीने केल्या होत्या. याउलट २००८ मध्ये केबलव्हिजन या केबल कंपनीच्या खटल्यात अपील न्यायालयाने असे ठरवले, की ग्राहकाने बटण दाबून कंपनीच्या दूरच्या यंत्रावर कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित केला तर ती प्रत ग्राहकाने केलेली आहे. याचा एक गमतीदार परिणाम झाला : एकच कार्यक्रम हजार जणांनी मुद्रित केला तर हजार वेगवेगळ्या प्रती ठेवणे हे तांत्रिकदृष्ट्या उधळपट्टीचे, पण कायद्याच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरले. पुढे २०१४ मध्ये टीव्हीचे कार्यक्रम इंटरनेटवरून दाखवणाऱ्या एरिओ या सेवेविरुद्ध निकाल देताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने क्लाउडवरील साठवणीचा प्रश्न आपण येथे सोडवत नाही, असे आवर्जून सांगितले.

इंग्लंडची कथा मला अधिक बोधप्रद वाटते, कारण तेथे सरकारने हा प्रश्न सरळ हाताळला होता. १ ऑक्टोबर २०१४ पासून स्वतः विकत घेतलेल्या सीडीची स्वतःसाठी प्रत करण्याची मुभा तेथे मिळाली आणि त्या तरतुदीत, केवळ आपल्याच वापरासाठी असलेल्या ऑनलाइन जागेचा स्पष्ट उल्लेख होता. संगीतकारांच्या संघटना न्यायालयात गेल्या. या मुभेने कलावंतांचे जे नुकसान होईल त्याची भरपाई ठेवलेली नाही आणि नुकसान नगण्य आहे हे सरकारने पुराव्यानिशी दाखवलेले नाही, या कारणावरून उच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये ती तरतूदच रद्द केली. युरोपातील अनेक देशांत कोऱ्या डिस्कवर किंवा साठवणीच्या उपकरणावर आकार घेऊन तो कलावंतांपर्यंत पोहोचवण्याची पद्धत आहे. म्हणूनच ऑस्ट्रियातील हक्कसंस्था आणि स्ट्राटो ही जर्मन क्लाउड कंपनी यांच्या वादात युरोपीय संघाच्या न्यायालयाला मार्च २०२२ मध्ये हे ठरवावे लागले, की क्लाउडवरील खाजगी प्रतही खाजगी प्रतच आहे आणि तिच्या भरपाईचा विचार व्हायलाच हवा, मग ती क्लाउड कंपनीकडून घ्या किंवा उपकरणावरील आकारातून भागवा. भारतात असा आकार नाही. आपण पेन ड्राइव्ह घेताना कोणा गायकाला काही देत नाही, आणि तरीही आपली सवलत इंग्रज ग्राहकापेक्षा मोठी आहे. ज्यांचे पोट गाण्यावर चालते त्यांना ही व्यवस्था न्याय्य वाटत असेल, असे मी म्हणणार नाही.

खरी अडचण सुरू होते ती फाइल चढवताना नव्हे, तर ‘शेअर’चे बटण दाबताना. आपल्या कायद्यातील ‘जनतेस संप्रेषण’ ही व्याख्या फार रुंद आहे. कृती लोकांना पाहता-ऐकता येईल अशी उपलब्ध करून देणे एवढे त्यासाठी पुरते. प्रत्यक्षात कोणी ती पाहिली की नाही, हे गौण आहे. एकाहून अधिक घरांत एकाच वेळी पोहोचवलेल्या प्रक्षेपणाचाही तीत समावेश आहे. आता क्लाउडवरील फोल्डरला ‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ अशी खूण केली आणि ती लिंक नातेवाइकांच्या गटात टाकली, तर तो साठा खाजगी राहिला असे म्हणणे अवघड होते. गटात आते-मामे भावंडेच आहेत, हे खरे. पण लिंक पुढे ढकलायला एक क्षण लागतो आणि ती शंभरव्या माणसाकडे पोहोचली तरी आपल्याला कळत नाही. नाटकाची व्हीसीडी स्वतः पाहण्यासाठी साठवणे आणि ती सत्तर जणांच्या गटाला मोफत वाटणे, या दोन कृत्यांत निर्मात्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि मला निर्मात्याचे म्हणणे पटते.

क्लाउड कंपन्यांची यंत्रणाही याच टप्प्यावर जागी होते. फाइलमधील माहितीवरून एक छोटा संकेतांक काढला जातो. फाइल तंतोतंत तीच असेल तर संकेतांकही तोच येतो. हक्कदाराच्या तक्रारीवरून एखाद्या फाइलचा संकेतांक यादीत गेला, की पुढे कोणीही तीच फाइल शेअर करू लागल्यास ती अडवली जाते. ड्रॉपबॉक्स अशी तपासणी करते हे २०१४ मध्ये बरेच गाजले होते. यंत्रणा आहे म्हणजे चुकाही आहेत. जानेवारी २०२२ मध्ये गूगल ड्राइव्हने केवळ ‘१’ हा एक आकडा असलेल्या मजकुराच्या फाइलला कॉपीराइटभंगाचा ठपका ठेवला होता, आणि त्या ठपक्यावर दाद मागण्याची सोयही त्या वेळी दाखवली जात नव्हती. आपल्या कायद्यात तक्रार आल्यास साठवणाऱ्याने २१ दिवस किंवा न्यायालयाचा आदेश येईपर्यंत प्रवेश थांबवावा आणि आदेश न आल्यास तो पुन्हा खुला करता यावा, अशी मर्यादा घातलेली आहे. पण कंपनी न्यायालय नव्हे. ती आपल्या करारातील अटींवर चालते, आणि खाते उघडताना ‘मान्य आहे’ वर बोट ठेवून आपण त्या अटी स्वीकारलेल्या असतात.

प्रत करता येऊ नये म्हणून डिस्कवर घातलेल्या सांकेतिक कुलपांचा विषयही इथेच येतो. व्हीसीडीवर कोणतेही सांकेतिक कुलूप नसते, त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या शेवटी घरोघरी आलेली मराठी नाटके संगणकावर उतरवताना काहीही तोडावे लागत नाही. डीव्हीडीवर मात्र बहुधा कुलूप असते. कलम ६५-अ प्रमाणे असे कुलूप तोडणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, परंतु त्यात ‘हक्कभंग करण्याच्या हेतूने’ असे शब्द आहेत आणि कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही अशा कामासाठी तोडल्यास बाधा नाही, असेही पुढे म्हटले आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात हा हेतूचा प्रश्न नाही. तेथे कुलूप तोडणे हेच स्वतंत्रपणे निषिद्ध आहे, फक्त वेळोवेळी ठरवून दिलेल्या अपवादांपुरती सूट मिळते. म्हणजे ठाण्यातील बहीण आणि न्यू जर्सीतील भाऊ यांनी वडिलांच्या एकाच डीव्हीडीवरून आपापल्या घरी प्रत केली, तर बहिणीला बचावाला जागा आहे आणि भावाला जवळपास नाही. परदेशातील आपल्या मंडळींनी इकडच्या लेखांवरून, यात हाही आला, स्वतःपुरता निष्कर्ष काढू नये.

वर्गणी भरून ऐकण्याच्या सेवांमधून फोनवर उतरवलेल्या गाण्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती आपण विकत घेतलेलीच नसतात. वर्गणी चालू आहे तोवर ऐकण्याचा परवाना आपल्याकडे असतो. त्यांची राखीव प्रत हा प्रकारच संभवत नाही.

ज्या गोष्टी निखळ आपल्या असतात त्यांच्याबद्दल मात्र लोकांच्या मनात विनाकारण संभ्रम आढळतो. लग्नाचा फोटोग्राफर म्हणतो की छायाचित्रांचा कॉपीराइट माझा आहे. कलम १७ वेगळे सांगते : कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले किंवा चित्रफीत बनवली, तर उलट करार नसल्यास पहिला मालक तो काम सांगणारा असतो. म्हणून अल्बमची मूळ फाइल मागताना संकोच करू नये आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, ते आधी वाचावे. लग्नाच्या चित्रफितीत मागे घातलेली चित्रपटगीते ही वेगळी गोष्ट आहे. वरातीत आणि लग्नसोहळ्यात गाणी वाजवण्याला कलम ५२ मध्ये सवलत आहे, पण तेच गाणे चित्रफितीवर चढवून ती फीत जगासाठी खुली करण्याला ती सवलत पुरत नाही. स्वतःच्या क्लाउडमध्ये बंद ठेवली तर कोणाचे काही बिघडत नाही. सार्वजनिक केली की गाणे ओळखणारी यंत्रणा ती पकडते, आणि मग लोक म्हणतात, आमच्याच लग्नाची फीत आम्हाला दाखवू देत नाहीत!

वडिलांच्या संग्रहाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे आकाशवाणीवरून आणि मैफलींमधून त्यांनी स्वतः मुद्रित केलेल्या कॅसेट. बाजारात त्यांची दुसरी प्रत मिळणार नाही, म्हणून त्यांची राखीव प्रत सर्वांत निकडीची. येथे गायकाचा कलावंत म्हणून असलेला हक्क आणि प्रक्षेपकाचा हक्क असे दोन जादा पदर येतात. पहिल्याची मुदत ५० वर्षे, दुसऱ्याची २५. कलम ३९ असे म्हणते, की मुद्रण करणाऱ्याने स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेले ध्वनिमुद्रण या दोन्ही हक्कांचा भंग ठरत नाही. हा खाजगी वापर ‘मुद्रण करणाऱ्याचा’ आहे, हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण मुद्रण करणारा आज नाही. परंतु त्याच कलमात पुढे, कलम ५२ खाली जे कृत्य निर्दोष आहे ते येथेही योग्य फेरफारांसह निर्दोष मानावे, असे आहे. तेव्हा मुलाने स्वतः ऐकण्यासाठी केलेली साठवण त्या दाराने आत येते. मैफलीत मुद्रण करू नये अशी अट तिकिटावर असेल, तर तो आयोजकांशी झालेल्या कराराचा वेगळा मुद्दा आहे.

जुने झाले की सगळे मोकळे होते, या समजुतीलाही येथेच छेद द्यायला हवा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६४ साली प्रकाशित झालेल्या तबकडीचा हक्क २०२४ च्या अखेरीस संपला. पण तबकडीवरील शब्द आणि चाल यांची मुदत कवीच्या आणि संगीतकाराच्या निधनानंतर मोजली जाते. ग. दि. माडगूळकर १९७७ च्या डिसेंबरात गेले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ संपेपर्यंत राहील. सुधीर फडके २००२ मध्ये गेले. त्यांच्या चालींचा हक्क २०६२ च्या अखेरपर्यंत. त्या दोघांचे साठच्या दशकाच्या आरंभीचे एखादे गीत तबकडी म्हणून मुक्त झालेले असले, तरी गीत म्हणून बराच काळ मुक्त होणार नाही, आणि ते सार्वजनिक फोल्डरमध्ये टाकणाऱ्याने हे दोन्ही हिशेब मांडले पाहिजेत.

क्लाउडवर एकच प्रत ठेवून मूळ कॅसेट भंगारात देणाऱ्यांसाठी लोकांच्या फाइली साठवून ठेवणाऱ्या मेगाअपलोड या सेवेचे उदाहरण पुरेसे आहे. जानेवारी २०१२ मध्ये कॉपीराइटभंगाच्या आरोपाखाली अमेरिकी सरकारने ही सेवा एका दिवसात बंद पाडली. तेथे चोरीचे चित्रपट होते, तसेच सामान्य लोकांनी विश्वासाने ठेवलेले स्वतःचे कामही होते. ओहायोतील शालेय खेळांचे चित्रण करणाऱ्या एका व्यावसायिकाला आपल्याच चित्रफितींसाठी न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. नेदरलँड्समधील लीझवेब कंपनीने आपल्याकडे असलेले मेगाअपलोडचे शेकडो सर्व्हर २०१३ मध्ये पुसून टाकले. शेजाऱ्याच्या गुन्ह्यासाठी संपूर्ण इमारतीला टाळे लागले, तर आपली खोलीही बंद होते.

हे सर्व वाचून मी जी घडी बसवली ती साधी आहे. सर्व फाइलींची एक प्रत घरातील हार्ड डिस्कवर असते, आणि मूळ कॅसेट-सीडी मी टाकत नाही, कारण आपण वस्तू रीतसर घेतली होती याचा पुरावा तोच आहे. सीडीच्या आतील कागदाचे आणि मिळाल्यास पावतीचे छायाचित्र त्या त्या फोल्डरमध्ये ठेवतो. विकत घेतलेली आणि वडिलांनी मुद्रित केलेली गाणी क्लाउडवर जातात ती माझ्या संगणकावर आधी सांकेतिक रूपात बंद करून. इतक्या खाजगी गोष्टी कंपनीने उघडून पाहाव्यात असे मला वाटत नाही, आणि त्या शेअर करण्याचा मोह झाला तरी ती सोय मीच काढून घेतलेली असते. शेअर होणारे फोल्डर वेगळे आहे. त्यात आम्ही काढलेली छायाचित्रे, लग्नाच्या फितीची गाणी वगळलेली आवृत्ती आणि आत्याने जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्यांचे, तिच्या संमतीने मी केलेले ध्वनिमुद्रण एवढेच आहे, आणि लिंकऐवजी प्रत्येकाच्या ईमेल पत्त्यावर परवानगी दिलेली आहे. चुलतभावाने मैफलीच्या कॅसेटची मागणी केली तेव्हा त्याला मी फाइल पाठवली नाही; रविवारी घरी ये, दोघे बसून ऐकू, असे कळवले.